क. लिं.

मगर पुन्हा माझ्या मुलीकडेच गेली.

खेळघराच्या काचेबाहेरच्या बाकावर बसून मी बघत होते. टेबलाभोवती तीन मुलं, टेबलावर तीन सोंगट्या. यशोधनची सोंगटी मगरीच्या जबड्यापासून दोन बोटांवर होती, झोयाची तिच्या शेजारी. मृणूची पार मागे, डोहापासून लांब. मगर त्या दोघांना ओलांडून सरळ मागे गेली. टेबलातून आलेली घोगरी गुरगुर मला काचेबाहेरही ऐकू आली आणि मृणूच्या सोंगटीखालचा दिवा लाल झाला. त्या दुपारची ती चौथी वेळ.

मृणू, म्हणजे मृण्मयी, साडेसात वर्षांची आहे. ती रडली नाही. सोंगटी उचलून डब्यात ठेवली आणि हात मांडीखाली घेऊन बसली. तेवढ्यात यशोधन आणि झोयाने मागून जाऊन मगर मारली, एकमेकांना टाळ्या दिल्या. पाच मिनिटांनी माझ्या फोनवर टेबलाचा आठवड्याचा अहवाल आला. ‘मृण्मयी: संघासाठी अत्यंत उपयुक्त.’

पहिल्यांदा हे वाक्य आलं तेव्हा मी खूश होऊन ते माझ्या आईला पाठवलं होतं. याची मला अजून लाज वाटते.

हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. कुणी वैदू, कुणी तिरंदाज, कुणी भामटा. एकाने सूत्रधार व्हायचं. गोष्ट सूत्रधार सांगतो, त्यात काय करायचं ते पात्रं ठरवतात, आणि ते जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगतो. इथवर सोपं आहे. पंचाईत होते ती राक्षस आल्यावर, कारण सगळे राक्षस एकटा सूत्रधार खेळतो. पिंपळावरून सहा मुंजे उतरले की सहांचे जीव वेगवेगळे मोजायचे. कुणाची पाळी कधी, कुणाला उडता येतं, कुणाला मघाशी आग लागली होती आणि ती अजून किती फेऱ्या जळणार, कुणाला काय दिसतंय, कोण कुणाला घाबरतंय. समोरचे चौघे आपापल्या एकेका पात्राचा विचार करत असतात आणि तुम्ही एका डोक्याने सहांचा. सांगलीत कॉलेजला असताना मी तीन वर्षं सूत्रधार होते. एकदा मुंज्यांना अदृश्य होता येतं हे मला सगळे मुंजे मेल्यावर आठवलं. एका चकमकीला साडेतीन तास लागले आणि शेवटी कोण जिंकलं यावर कॅन्टीनमध्ये आठवडाभर भांडण चाललं.

या गोंधळावर उपाय म्हणून असुरपट आला.

दिसायला ते साधं टेबल आहे. पृष्ठभागावर राक्षस हलताना दिसतात; त्याखाली दाब ओळखणारी जाळी, वर दोन कॅमेरे, कडेला माइक. खरी करामत आत आहे. राक्षसाची पाळी आली की असुरपट पुढचा डाव स्वतःशीच काही हजार वेळा शेवटपर्यंत खेळून बघतो. त्याला हे करायला आपल्याला फासा खुळखुळवायला लागतो तेवढाच वेळ लागतो. त्यातून जिंकणाऱ्या चाली त्याला कळतात. पण दर वेळी जिंकणारीच चाल खेळली तर मुलं दोन मिनिटांत मरतील आणि पुन्हा खेळायला येणार नाहीत. म्हणून कुठली चाल निवडायची हे तो माणसांकडून शिकला. जुन्या सूत्रधारांच्या वह्या त्याला पुरवल्या: कुठला राक्षस कधी कुणावर गेला, कधी थांबला, कधी पळाला. त्या ओळींमधून त्याने एक वळण उचललं. त्याचा सगळा राक्षसी स्वभाव म्हणजे ते वळण.

मराठी आवृत्तीसाठी टेबल बनवणाऱ्या कंपनीला बाराच वह्या मिळाल्या. त्यातल्या नऊ माझ्या.

सारंगने मागितल्या म्हणून दिल्या. सारंग खोत आमच्याच टेबलावरचा, कॉलेजात मला एक वर्षाने मागे. आता त्या कंपनीत आहे. माझ्या वह्या माळ्यावर पडूनच होत्या. आपले मुंजे, आपल्या हडळी, आपली कृष्णेतली मगर आता चारशे खेळघरांत जाणार, याचं मला कौतुक वाटलं होतं.

मृणू बोलताना अडखळते. वाचा-उपचाराच्या मॅडमनी सुचवलं, हिला गोष्टीत बोलू दे, स्वतः म्हणून नको. म्हणून मागच्या वर्षी दर गुरुवारी मी खेळघरात मुलांसाठी सूत्रधार झाले. मृणूने वैदू घेतला. वैदू अडखळायचा, पण थांबायचा नाही. जखमेवर काय लावायचं ते सांगताना तो पाच-पाच वाक्यं बोलायचा. वर्षअखेरीस तिने शाळेत हात वर करून उत्तर दिलं. जूनमध्ये खेळघरात असुरपट आला. खेळघर चालवणाऱ्या अनुपमाताई मला म्हणाल्या, आता तुलाही जरा उसंत.

तीन आठवड्यांत वैदू बोलायचा बंद झाला.

मी बघायला लागले. माझ्या नवऱ्याच्या मते मला तेवढंच येतं. निरंजन हैदराबादहून फोनवर म्हणाला की तुला सगळ्यातच राक्षस दिसतो, जरा सोड तिला. मी सोडलं नाही. चार गुरुवार मी त्या बाकावर बसून वहीत रेघा मारल्या. मगर एकूण एकतीस वेळा चाल करून आली. त्यातल्या बावीस वेळा मृणूवर.

पाचव्या गुरुवारी चपलांच्या मांडणीपाशी यशोधन एका नव्या मुलीला खेळ समजावत होता. तो अकरा वर्षांचा आहे, नीट बोलतो. म्हणाला, “मृणूला पुढं ठेवायचं. राक्षस आधी तिलाच खातात. तेवढ्यात आपण मागून.” मग मला बघून त्याने माझी पडलेली छत्री उचलून दिली. तो वाईट मुलगा नाही. त्याने फक्त टेबल नीट वाचलं होतं.

त्याच आठवड्यात शाळेत तिच्या वर्गातली कुंडी फुटली. बाईंनी विचारल्यावर पोरांनी मृणूला पुढे ढकललं. त्यातली तिघं खेळघरात येणारी. मृणूला वेळेवर बोलता आलं नाही, म्हणून शिक्षा तिला.

मी अनुपमाताईंकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला आणि टेबलाचे आलेख दाखवले. मुलांचा उत्साह वाढलाय, भांडणं कमी झालीत, चकमक अकरा मिनिटांत संपते. मी म्हटलं, ताई, माझी मुलगी गळाला लावलेलं गांडूळ झालीय. त्या म्हणाल्या, अगं, तिचा अहवाल तर किती छान आहे. मी चहा तसाच ठेवून निघाले.

शनिवारी सकाळी मी मृणूला घेऊन विश्रामबागेत सारंगच्या घरी गेले. त्याच्या हॉलमध्ये माशांची मोठी टाकी आहे; तिला तिथे बसवलं आणि मी आतल्या खोलीत त्याच्या कामाच्या टेबलापाशी उभी राहिले. मला एकच गोष्ट हवी होती. असुरपटाला दर चालीचं कारण नोंदवून ठेवावं लागतं. ते कारण मला दाखव.

सारंगने आढेवेढे घेतले नाहीत. त्याला त्या नोंदींचा अभिमानच होता. पडद्यावर ओळी सरकल्या. ‘लक्ष्य: मृण्मयी. प्रकार: कळीची लिंक. आधार: वही ४, ५, ७.’ खाली परत तेच. त्याखाली परत तेच.

कळीची लिंक म्हणजे काय, मी विचारलं.

“तुझाच शब्द आहे की,” तो म्हणाला आणि त्याने माझ्या चौथ्या वहीचं पान उघडलं. माझं निळ्या शाईतलं तिरकं अक्षर. ‘सारंग (क. लिं.).’ त्याखाली, मुंजा एक, बाण, सारंग. मुंजा दोन, बाण, सारंग. हडळ, बाण, सारंग. “आमच्या टीमला क. लिं. काही केल्या लागेना,” तो सांगत होता, “तेव्हा त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, ही सूत्रधाराची खूण आहे. ज्याला तोडलं की अख्खी टोळी तुटते, तो गडी. कळीची लिंक.” हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर एक बारीकसं, संकोची हसू होतं. आपलं कौतुक आपल्याच तोंडाने सांगावं लागणाऱ्या माणसाचं.

मला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं.

“कच्चा लिंबू, सारंग.”

त्याने पडद्यावरचं पान मोठं केलं.

“क. लिं. म्हणजे कच्चा लिंबू.”

मराठी अंगणात वाढलेल्या कुणालाही हे समजावावं लागत नाही. धाकटं भावंड हट्ट करतं, त्याला खेळात घ्यावंच लागतं. मग ते पळतं, त्याच्यामागे धावायचं, त्याला धरायचं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. सारंग आमच्याकडे आला तेव्हा कुणाशी बोलायचा नाही. पहिल्याच चकमकीत मेला असता तर परत आला नसता. म्हणून मी राक्षस मुद्दाम त्याच्यावर घालायचे, त्याला थरार वाटावा म्हणून, आणि पुठ्ठ्याच्या पडद्याआड फासा टाकून सांगायचे, केसाने वाचलास. राक्षस कुणावर गेला ते मी वहीत लिहिलं. तो खात नाही, हे लिहायचं मला सुचलंच नाही. खेळात ते कोण लिहितं?

मी लिहिलं तेवढंच यंत्राने वाचलं. वह्यांतून क. लिं.ची लक्षणं काढली: उशिरा बोलणारा, कमी चाली करणारा, ज्याची पाळी आली की बाकीचे त्याच्याकडे बघतात असा. मग चारशे टेबलांवर ते त्या लक्षणांची मुलं शोधत सुटला. आमच्या टेबलावर त्याला माझी सापडली. आणि त्याच्याकडे खोटं बोलायला पडदा नव्हता.

“सगळ्यांना माहीत होतं?” सारंगने विचारलं. “दोन्ही वर्षं?”

“सगळ्यांना. मुंज्यांनासुद्धा.”

असं बोलायला नको होतं. पण मी त्याची समजूत घालायला आले नव्हते. मी म्हटलं, दुरुस्त कर, आजच. तो खुर्चीत मागे रेलला आणि त्याने एकेक करून सांगितलं. कळीची लिंक आता माहितीपत्रकात छापलेली आहे. पाच भाषांत चाललीय. अहवालातली उपयुक्तता, नेतृत्व, सगळं त्याच आकड्यावर उभं आहे, आणि दोन शाळांनी ते अहवाल मागवलेत. पुढच्या आवृत्तीत बघता येईल.

“मी काय सांगू तिथे? आपला सिद्धांत म्हणजे लिंबू आहे?”

“लोणचं घाला म्हणावं.”

“तू हसू नकोस,” तो म्हणाला. आता त्याचाही आवाज बदलला होता. “मला वाटायचं मी त्या दोन वर्षांत कुणीतरी झालो. नोकरीच्या मुलाखतीत मी ते सांगितलंय, हडळीशी एकटा लढलो ते. यंत्राने निदान तुझ्या मुलीला फसवलं तरी नाही, स्वरूपा. मारायचं तर मारतंय. मला तू दोन वर्षं फसवलंस.”

मी मागे वळले. दारात मृणू उभी होती. टाकीतले मासे तिला फार वेळ पुरले नव्हते.

आयर्विन पुलावर स्कूटरला वाऱ्याचा झोत लागतो, तिथे ती मला घट्ट धरते. त्या दिवशी परत येताना पुलाच्या मध्यावर तिने मागून विचारलं, “आई, म... म... मी पण?”

मागच्या वर्षी तिच्यासाठीही मी पडद्याआड फासा टाकला होता; नाही म्हणता आलं असतं. खाली कृष्णा भरून वाहत होती, मागे ट्रक होता, मी समोर बघून चालवत होते. मी म्हटलं, हो. थोडे दिवस.

“क... किती?”

“वर्षभर.”

तिने माझ्या कमरेचे हात काढून घेतले आणि मागचा कॅरिअर धरला. घरापर्यंत तशीच आली. मला सारखं वाटत होतं, खड्डा आला तर ही पडेल. मी वीसच्या वर गाडी नेली नाही.

पुढचे चार दिवस ती माझ्याशीही बोलली नाही. मला तिचा राग आला नाही, पण त्या चार दिवसांत बाकी सगळ्यांचा आला. सारंगचा, जो स्वतःवर राक्षस धावून आले म्हणून स्वतःला कळीचा समजला. टेबलाचा. निरंजनचा, जो म्हणाला की खेळच आहे शेवटी. कुणाला कुणीच काही सांगितलं नाही आणि सगळं नीट नोंदलेलं होतं, याचा. मी पालकांच्या ग्रुपवर क. लिं. म्हणजे काय ते लिहिलं. सोबत माझ्या वहीचं पान टाकलं, त्याखाली टेबलाची नोंद. दोघांनी हसणारे चेहरे पाठवले. एकीने लिहिलं, आमचा तर फार छान खेळतो. झोयाच्या अब्बांनी मात्र फोन केला आणि विचारलं की पुढच्या महिन्यात झोयाचा धाकटा भाऊ खेळघरात यायचाय, तो तोतरा आहे, त्याचं काय होईल. मी त्यांना खरं ते सांगितलं.

मग मी अनुपमाताईंना म्हटलं, गुरुवारी ते टेबल बंद ठेवायचं. नाहीतर मी फाटकात उभी राहीन आणि येणाऱ्या प्रत्येक आईला हे पान दाखवीन. त्या म्हणाल्या, तू धमकी देतेयस. मी म्हटलं, हो. झोयाच्या अब्बांनीही त्यांना फोन केला होता. गुरुवारी प्लग काढलेला होता.

मृणू येणार नाही असं मला वाटलं होतं. ती आली. माझ्यापासून लांबची खुर्ची घेऊन बसली. मी वही उघडली, समोर पुठ्ठ्याचा पडदा उभा केला आणि मगर डोहात सोडली. मला खूप दिवसांनी सगळं एकदम सांभाळायला लागत होतं. मगरीचे चाळीस जीव, तिची शेपटी, पाण्याची ओढ, तिची पिल्लं. दुसऱ्याच फेरीत मी झोयाची पाळी विसरले आणि तिने मला ओरडून सांगितलं. यशोधनने सवयीने हात लांब केला आणि मृणूची सोंगटी उचलून डोहाच्या कडेला ठेवली. पुढे.

मृणूने ती परत मागे घेतली. यशोधन म्हणाला, अगं, तू तिथंच असतेस.

पुढच्या फेरीत मगरीच्या शेपटीने झोयाची तिरंदाज पाण्यात पडली. मृणूची पाळी आली. आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. ती उठली, टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आली आणि माझ्या समोरचा पडदा तिने आडवा पाडला.

“फ... फासा इथे टाकायचा,” ती म्हणाली. “स... सगळ्यांना दिसेल असा.” मग जागेवर जाऊन तिने वैदूला एकेक घर मोजत पाण्यापाशी आणलं, आणि सांगितलं की वैदू काठी पुढे करतो, झोया ती धरते, वैदू ओढतो. हे सांगायला तिला बराच वेळ लागला. फासा पडला पंधरा. झोया बाहेर आली.

आता पाळी मगरीची होती.

मगर भुकेली होती, जखमी होती, आणि तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर चार जीव उरलेला वैदू वाकून उभा होता. कुठलीही मगर दुसरीकडे गेली नसती. मी मनात दहा कारणं शोधली. पिल्लू ओरडलं, प्रवाह आला, तिच्या डोळ्यात चिखल गेला. मृणू माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पुलावरचा राग तसाच होता, आणि तो माझ्यासाठी होता.

मी फासा टाकला. चौदाच्या वर लागतं. सतरा पडले.

दुसरा फासा किती जीव गेले ते सांगतो. तो टेबलभर गडगडला, यशोधनच्या डब्याला थडकला आणि थांबला. सहा.

वैदूकडे चारच होते. सगळ्यांना दिसतच होतं. मृणूचे डोळे भरले. त्या क्षणी मला जगातल्या सगळ्या राक्षसांचा मिळून जेवढा राग यायचा तेवढा आला, आणि त्यातली समोरची मगर मीच होते. यशोधन पटकन म्हणाला, काकू, डब्याला लागून पडला, धरू नका. परत टाका.

डब्याला लागला होता हे खरंच होतं. आमच्याकडे कॉलेजात असा फासा परत टाकायचे. मी तो उचलायला हात पुढे केला.

मृणूने माझ्या हातावर चापट मारली. इतक्या जोरात की अनुपमाताईंनी दारातून वळून बघितलं.

“प...” ती म्हणाली. “प... प...” गाल ओले झाले होते, मान ताठ होती, आणि शब्द ओठांच्या मागे अडकला होता. यशोधनने तोंड उघडलं आणि परत मिटलं. झोया सोंगटी हातात धरून तशीच राहिली. घड्याळात बघितलं असतं तर अर्धं मिनिट झालं असेल. आम्ही थांबलो.

“पडला तो पडला,” ती म्हणाली.